पोत्यातलं आणि पाण्यातलं

कोंबडी चिरून बघणाऱ्या डॉक्टरला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती आत काहीच न सापडण्याची. राणीखेत असेल तर जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके दिसतात, गंबोरोत बर्सा सुजलेला असतो, रक्ती हगवणीत आंधळं आतडं रक्तानं भरलेलं असतं. पण शेडमध्ये पक्षी छातीवर पडलेत, पाय मागे ताणलेत, डोळे उघडे आहेत, मान ताठ आहे, फक्त उठता येत नाही. आणि मेलेला पक्षी उघडला तर आत सगळं जवळजवळ जागच्या जागी. शेतकरी तोंडाकडे बघत उभा असतो आणि डॉक्टरकडे सांगायला काही नसतं.

खाद्याची मिल आणि कोंबड्यांचं शेड या दोन्ही ठिकाणी माझी बरीच वर्षं गेली. पोल्ट्रीवाले एकत्र बसले की रोगांचे किस्से निघतात: कुठल्या साली कुठला आजार आला, कोणाचे किती पक्षी गेले. औषधांनी औषधांना कसं गाठलं, हे मात्र कोणी सांगत नाही. कारण त्यात कुणीतरी कमीपणा घ्यायचा असतो. मला वाटतं, हेच किस्से आधी सांगायला हवेत. त्यांतल्या बहुतेकांत खरं म्हणजे एकट्या कुणाची चूकही नसते.

दौंडच्या बाजूचं एक ब्रॉयलरचं शेड. थंडीचे दिवस, रात्री पडदे खाली, आत अमोनियाचा वास. चौथ्या आठवड्यात पक्षी घरघर करायला लागले. सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मामुळे होणारा श्वसनाचा आजार. औषध मिळालं टायाम्युलिन. मायकोप्लाझ्मावर ते उत्तम चालतं, निवड योग्य होती. मात्राही नेहमीची, पक्ष्याच्या किलो वजनामागे 25 मिलिग्रॅम, पाण्यातून. दुसऱ्या दिवशी खाद्य कमी खपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काही पक्षी जागेवरून हलेनात. मालकाला वाटलं आजार वाढला, त्यानं औषध वाढवलं. संध्याकाळपर्यंत भिंतीकडेनं पक्ष्यांच्या रांगा पडलेल्या.

मग जो तो आपापल्या परीनं बोलला. एकजण म्हणाला राणीखेत, लासोटा लस पुन्हा द्या. दुसऱ्याला बॉट्युलिझमची शंका आली, तूस ओला आहे, कुठेतरी मेलेला पक्षी राहिला असेल. तिसऱ्यानं जीवनसत्त्व ई सांगितलं. शेवटी तालुक्याच्या गावाहून एक वयस्कर डॉक्टर आले. ते पक्ष्याकडे गेलेच नाहीत, आधी पोत्याकडे गेले.

"यात कॉक्सिडिओस्टॅट कुठलं आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं. पोत्यावर प्रथिनं, फायबर, ओलावा, सगळं छापलेलं. रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात जे औषध मिसळतात, त्याचं नाव तेवढं नव्हतं. डीलरला फोन केला, त्यानं मिलला लावला. ऑफिस बंद. प्रीमिक्सच्या खोलीत रात्रपाळीला एक मुलगा होता, त्यानं वजनकाट्याजवळची चिठ्ठी वाचून सांगितलं, "सॅलिनो टाकतोय साहेब, सध्या."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे टाकी रिकामी करायला लावली. खाद्य काढून घेतलं आणि रात्रभर नुसता मक्याचा भरडा टाकायला सांगितला. जे पक्षी लटपटत का होईना उभे राहत होते ते चारपाच दिवसांत सावरले. जे आडवे पडले होते त्यांतले फार थोडे वाचले. विषानं जेवढे मेले, तितकेच तहानेनं मेले असावेत, कारण निप्पलपर्यंत पोचायलाच पाय नव्हते. या विषबाधेला उतारा नाही. दोन्हींतलं एक तोडायचं आणि वाट बघायची. ते डॉक्टर मात्र त्या रात्री पडलेल्या पक्ष्यांना वेगळं काढून, थाळ्यांतून त्यांच्या चोचीशी पाणी लावायला घरातल्या बायामुलांना बसवून गेले. त्यानं जे वाचले ते वाचले.

मालकाचं एकच म्हणणं होतं आणि ते खरं होतं: "डॉक्टर, मागच्या लॉटला हेच औषध दिलं होतं. काय बी झालं नव्हतं."

खरी मेख इथे आहे. रक्ती हगवणीचे जंतू एकाच औषधाला सरावू नयेत म्हणून मिल औषध बदलत राहते. काही महिने एक, मग दुसरं. एकाच लॉटमध्येही बदल होतो: स्टार्टर खाद्यात निकारबाझिनसारखं रासायनिक औषध आणि पुढच्या खाद्यात सॅलिनोमायसिन. धंद्यात याला शटल म्हणतात. म्हणजे दहाव्या दिवशी टायाम्युलिन दिलं तर काही होत नाही आणि पंचविसाव्या दिवशी तेच दिलं तर शेड पडतं. शेतकऱ्याच्या हातातली बाटली तीच, कंपनीचं पोतंही तेच, त्यावरची छपाईसुद्धा तीच. आत काय बदललं ते फक्त मिलच्या फॉर्म्युला वहीत.

या दोन औषधांचं वैर कसलं, ते थोडं उलगडून सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, नॅरासिन, मदुरामायसिन ही आयोनोफोर जातीची औषधं. मोनेन्सिन सोडियमला धरतं, सॅलिनोमायसिनला पोटॅशियम जास्त आवडतं. आणि हे क्षार घेऊन ती पेशीच्या आवरणातून आरपार जातात. रक्ती हगवणीच्या, म्हणजे कॉक्सिडियाच्या जंतूत असे क्षार आत शिरले की मागोमाग पाणी शिरतं, त्याला ते उपसून टाकता येत नाही, तो फुगून फुटतो. पक्ष्याच्या स्नायूंत आणि हृदयातही हे औषध हाच उद्योग करू शकतं. करत नाही, कारण कोंबडीचं यकृत त्याला झपाट्यानं मोडून बाहेर टाकतं. ते मोडण्याचं काम करणाऱ्या विकरांचा एक गट आहे, सायटोक्रोम पी-450. टायाम्युलिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. यकृताचं दार असं अडलं की खाद्यातलं रोजचं, निर्धोक मात्रेतलं सॅलिनोमायसिन अंगात साठत जातं आणि पायाच्या स्नायूंचे तंतू झिजायला लागतात. डोळ्यांना ते दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. आणि लॅबचा रिपोर्ट येईतो शेड रिकामं झालेलं असतं.

कुणी खाद्यात औषध जास्त टाकलं का, हा आरोप मिलवर हमखास होतो. मी स्वतः अशा वेळी खाद्याचे नमुने काढून तपासायला पाठवलेले आहेत, आणि टनाला 60 ग्रॅम हवं तिथे साधारण 60च निघालेलं आहे. मिल म्हणते आमचं खाद्य बरोबर. औषधवाला म्हणतो आमची मात्रा बरोबर. दोघंही खरं बोलतात आणि नुकसान तिसऱ्याच्या पदरात पडतं.

पक्षी खाणं सोडतो, हे मात्र त्याच्या भल्याचं ठरतं. खाद्य तोंडात गेलं नाही म्हणजे आयोनोफोरही गेलं नाही. कित्येक लॉट यामुळेच पूर्ण पडण्यापासून वाचलेत, आणि मालकाला वाटत राहतं की ताणामुळे दोन दिवस खाद्य घटलं होतं. वजनात मार बसतो, एफसीआर, म्हणजे किलो वजनामागे लागणाऱ्या खाद्याचं प्रमाण, बिघडतो, हिशोबात त्याचं कारण कुठेच लिहिलं जात नाही. पडलेली शेडं लोकांच्या लक्षात राहतात. अशी अर्धवट दुखावलेली शेडं माझ्या अंदाजानं कितीतरी जास्त असतील.

या दोन औषधांचे जन्म एकमेकांपासून किती लांबचे, याचं मला नेहमी नवल वाटतं. टायाम्युलिनचं मूळ एका आळंबीत आहे. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या संशोधकांनी 1951 साली तिच्यापासून प्ल्युरोम्युटिलिन वेगळं केलं. पुढे व्हिएन्नामध्ये सँडोझच्या प्रयोगशाळेनं त्यात बदल करून जनावरांसाठी टायाम्युलिन बनवलं, आणि ते 1970च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं. मोनेन्सिन आलं मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूपासून, ते एली लिलीचं. अमेरिकेत 1971 साली ब्रॉयलरच्या खाद्यासाठी त्याला मान्यता मिळाली. त्यानं ब्रॉयलरचा धंदाच बदलून टाकला, कारण जमिनीवर, तुसावर हजारो पक्षी दाटीनं वाढवणं त्याच्यामुळे सोपं झालं. टायाम्युलिन बाजारात येईपर्यंत मोनेन्सिन खाद्यात घरच्यासारखं होऊन बसलं होतं. 1980 सालीच इस्रायलमधून टर्कींच्या कळपांत या दोघांच्या एकत्र येण्यानं झालेल्या तीव्र विषबाधेची नोंद छापून आली. म्हणजे हे ज्ञान नवं नाही. टायाम्युलिनच्या माहितीपत्रकात आज स्पष्ट लिहिलेलं असतं की उपचार चालू असताना, आणि त्याआधी व नंतर किमान 7 दिवस, मोनेन्सिन, नॅरासिन, सॅलिनोमायसिन असलेलं खाद्य देऊ नये. लासालोसिडशी त्याचा असा खटका उडत नाही. रोबेनिडिन, डायक्लॅझुरिल, निकारबाझिन यांच्याशीही नाही. एरिथ्रोमायसिन आणि काही सल्फा औषधांच्या बाबतीत आयोनोफोरबरोबर जपायला सांगतात.

पण माहितीपत्रक असतं खोक्यात, आणि खोकं असतं औषधाच्या दुकानात. शेडवर येते ती सुटी बाटली.

आयोनोफोरमध्ये गंमत अशी की ते जितकं उपयोगी, तितकंच काठावर चालणारं. मदुरामायसिन टनाला 5 ग्रॅम हे औषध, आणि 10 ग्रॅमला पक्ष्याला त्रास. एक टक्क्याचं प्रीमिक्स असेल तर टनाला अर्धा किलो. मिक्सरमध्ये ते नीट पसरलं नाही तर एका पोत्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात दुप्पट. म्हणून मिलमध्ये प्रीमिक्सच्या खोलीत मी नेहमी सगळ्यात शांत डोक्याचा माणूस बसवावा असं सांगत आलो. तिथे पगारात काटकसर करू नये.

आणि जात बदलली की सगळं गणितच बदलतं. साताऱ्याकडे एकानं ब्रॉयलरच्या शेडच्या मागे हौसेनं टर्की पाळल्या होत्या, दिसायला देखण्या, लग्नकार्यात लोक फोटो काढायला यायचे. त्यांना वेगळं खाद्य कोण आणणार, म्हणून त्याच पोत्यातलं. ब्रॉयलर धडधाकट, आणि टर्की पाय गाळून बसल्या. सॅलिनोमायसिन कोंबडीला चालतं, टर्कीला विष. त्यात दुसरं कुठलं औषध मिसळावंही लागत नाही. घोड्याचं तर विचारूच नका. मोनेन्सिनची कोंबडीला मारक ठरणारी मात्रा किलो वजनामागे 200 मिलिग्रॅमच्या आसपास. घोड्याला 2 ते 3 पुरते. शेडजवळ घोडा बांधलेला दिसला की मी मालकाला बाजूला घेऊन सांगतो: दादा, सांडलेलं खाद्य गोळा करून याच्यापुढे टाकू नका, प्रीमिक्सचं पोतं तर त्याच्या तोंडाला येईल असं ठेवूच नका.

पाय गाळणारे किस्से निदान दिसतात तरी. काही औषधं एकमेकांना गुपचूप मारतात आणि पक्ष्याला काही होत नाही, फक्त गुण येत नाही. रक्ती हगवण दिसली की टाकीत अँप्रोलियम जातं. ते बी-1 जीवनसत्त्वाची नक्कल आहे. कॉक्सिडियाचा जंतू बी-1 समजून ते उचलतो आणि उपाशी मरतो. आता पक्षी मलूल दिसतोय म्हणून त्याच टाकीत कुणी मायेनं बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक ओतलं, तर खरं बी-1 भरपूर मिळतं आणि नक्कल वाया जाते. हे मी इतक्या शेडवर पाहिलंय की आता रक्ती हगवणीचा फोन आला की आधी टाकीजवळच्या फळीवर काय काय आहे ते वाचून दाखवायला सांगतो. टॉनिक द्यायचं तर कोर्स संपल्यावर. मधल्या काळात "या कंपनीच्या औषधात दम नाही" म्हणून चांगलं औषध बदनाम होतं आणि त्याच्याहून कडक औषध आणलं जातं.

अंड्यावरच्या कोंबड्यांत हेच कॅल्शियमचं. कवच धरायला लेयर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, त्यावर शिंपल्याचा चुरा वेगळा. त्यात टेट्रासायक्लिन गटातलं औषध दिलं की ते कॅल्शियमला बांधलं जातं आणि आतड्यातूनच निघून जातं. बोअरचं जड पाणी असेल तर एन्रोफ्लॉक्ससिनचंही तसंच होतं. टेट्रासायक्लिन देताना जाणकार डॉक्टर म्हणून तर पाण्यात सायट्रिक ॲसिड घालायला सांगतात. त्या कागदाच्या पुडीकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ती स्वस्त असते.

निकारबाझिनचा एक किस्सा आमच्याकडे बरीच वर्षं सांगितला जात होता. पेरंट, म्हणजे पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची तपकिरी अंडी दोनतीन दिवसांत पांढुरकी पडली, आणि पुढे हॅचरीत पिल्लं कमी निघाली. रोगाचे सगळे तपास झाले. निघालं काय, तर त्याच मिक्सरमध्ये आधी ब्रॉयलर स्टार्टर काढला होता आणि मधे नुसता मका फिरवून मिक्सर धुवून घेतला नव्हता. उरलंसुरलं निकारबाझिन पेरंटच्या खाद्यात गेलं. खाद्य बदलल्यावर अंड्यांना रंग परत आला. हेच औषध कडक उन्हाळ्यात ब्रॉयलरला उष्णता सोसू देत नाही, म्हणून विदर्भाकडे जाणाऱ्या खाद्यातून मार्च उजाडायच्या आत ते काढायचं, हा जुन्या न्यूट्रिशनिस्टांचा दंडक.

उन्हाळ्याचं निघालं म्हणून आणखी एक. पाण्यातली औषधं बरेचजण लिटरच्या हिशोबानं घालतात. वैशाखात पक्षी पाणी थंडीपेक्षा कितीतरी जास्त पितो. लिटरचा हिशोब तोच ठेवला तर औषध आपोआप जास्त पोटात जातं. मात्रा पक्ष्याच्या वजनावरच काढली पाहिजे.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. आयोनोफोर हे प्रतिजैविक आहे. जीवाणूपासून बनतं, जीवाणूही मारतं. अमेरिकेत त्याची गणना अँटिबायोटिकमध्येच होते, त्यामुळे तिथे अँटिबायोटिक अजिबात न वापरता वाढवलेली म्हणून विकली जाणारी कोंबडी आयोनोफोरशिवाय वाढवावी लागते. युरोपनं 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं, पण कॉक्सिडिओस्टॅट खाद्यघटक म्हणून चालू ठेवले. मात्र खाद्याच्या लेबलवर त्याचं नाव लिहायला लावलं. आपल्याकडे शेडवर कॉक्सिडिओस्टॅटला कुणी औषध म्हणतच नाही. ते खाद्य. खाद्याचा विचार न्यूट्रिशनिस्ट करतो, औषधाचा विचार डॉक्टर करतो. पक्ष्याच्या पोटात दोन्ही एकाच वेळी जातात, आणि दोन्ही कागद एकत्र बघणारा माणूस पगारावर कुणाच्याच नसतो. इंटिग्रेशनमधल्या, म्हणजे कंपनीसाठी करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला तर खाद्यही कंपनीचं आणि सुपरवायझरही कंपनीचा. तिथे निदान एक फोन पुरतो. मोकळा धंदा करणारा, स्वतःच्या पैशानं पिल्लू, खाद्य, औषध आणणारा शेतकरी यात सगळ्यात उघडा पडतो. तो जिथून औषध घेतो तिथे खाद्याचं पोतं कुणी पाहिलेलं नसतं.

फॉर्म्युला गुपित ठेवावा लागतो, हे मला मान्य आहे. मका किती, सोया किती, एन्झाइम कुठलं, खुशाल झाकून ठेवा. पण कॉक्सिडिओस्टॅटचं नाव झाकून कोणाचा धंदा वाढलेला मी पाहिला नाही. उलट एका मिलमालकाशी यावरून माझे कडाक्याचे वाद झाले. तो म्हणायचा, नाव छापलं तर शेजारचा मिलवाला आपला शटल वाचणार. शेवटी तडजोड निघाली ती मिलच्या फोरमननं काढलेली. पोती शिवायचा दोरा. आयोनोफोर असलेल्या खाद्याला लाल दोरा, रासायनिक औषध असेल तर हिरवा, कापणीआधी देतात त्या बिनऔषधाच्या फिनिशरला पांढरा. डीलरांना आणि भागातल्या डॉक्टरांना तेवढं सांगून ठेवलं. छपाईचा एक पैसा खर्च झाला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच भागातल्या सुपरवायझरचा फोन आला. पक्षी घरघर करतायत, दुकानातून टायाम्युलिन आणलंय, पाण्याची टाकी भरून ठेवलीय, टाकू का?

"दोरा कुठला आहे?"

"थांबा, बघतो... लाल."

"मग ते परत देऊन या. टायलोसिन घ्या. आणि खाद्यातून बेंटोनाइटवालं टॉक्सिन बाइंडर देताय का?"

"देतोय की. पावसात मका भिजला होता ना."

"कोर्स संपेपर्यंत त्या बाइंडरचं खाद्य थांबवा. बेंटोनाइट टायलोसिनला धरून ठेवतं, औषध लागू पडणार नाही. आणि रात्री पडदे वरून वीतभर उघडे ठेवा, अमोनिया बाहेर जाऊ दे. आठवड्यानं वजनं कळवा."